पट्टी गुलाबी झाली म्हणून…

गेल्या महिन्यात थोरले दीर दिवसभर आमच्याकडे होते. शब्बाथ सुटल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली, कागदाची पट्टी जिभेला लावली. ती गडद गुलाबी झाली. "बघ, नायट्रिक ऑक्साइड भरपूर! रक्तवाहिन्या ठणठणीत." बोलता बोलता कळले, ब्लडप्रेशरची गोळी त्यांनी तीन आठवडे घेतलीच नव्हती. मी मशीन आणले. १७८/१०२.

मी इतकी वर्षे नर्सचे काम केले, पण घरातच हे ऐकून घाबरले.

नायट्रिक ऑक्साइडचे महत्त्व खोटे नाही. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो, एंडोथेलियम. रक्त जोरात वाहू लागले की तो हा वायू सोडतो, वाहिनीचा स्नायू सैल होतो आणि वाहिनी रुंदावते. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. पण हा वायू काही सेकंदच टिकतो, पट्टीवर तो येणार कुठून? पट्टी दाखवते थुंकीतले नायट्राइट. बीट, पालक, रुकोला यांतल्या नायट्रेटपासून ते जिभेवरचे जंतू बनवतात. भावोजींनी दुपारी बीटाची कोशिंबीर दोनदा मागून घेतली होती! तीच कोशिंबीर मीही खाल्ली, तरी माझी पट्टी फिकी. हिरड्यांसाठी मी जंतुनाशक औषधाने चुळा भरते, त्याने हे जंतूही मरतात.

खरी तपासणी वेगळी. दंडाला किंवा हाताला पट्टा आवळून पाच मिनिटे रक्त अडवतात, मग सोडतात. निरोगी वाहिनी त्या लोंढ्याने रुंदावते, ते सोनोग्राफीवर मोजतात. आपल्या केसारियातल्या इटामार मेडिकलचे एंडोपॅट हे यंत्र हीच गोष्ट दोन्ही हातांच्या तर्जनीवर टोपण बसवून मोजते. मात्र रोजच्या तपासणीत हे सहसा करत नाहीत. तिथे प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट हेच विचारतात, कारण हा थर खराब करणारी तीच मंडळी.

बीट जरूर खा. त्याने प्रेशर थोडे उतरते, पण गोळीच्या जागी ते चालणार नाही.

रविवारी सकाळीच मी भावोजींना कुपत खोलीममध्ये घेऊन गेले. गोळी पुन्हा सुरू झाली. परवा प्रेशर १३८/८४ होते. पट्ट्यांची डबी मी ठेवून घेतली आहे.