टाळूवरून आलेली हिरडी

जुहू चौपाटीवर बर्फाचा गोळा चोखताना अनेकांच्या एकाच सुळ्यात जोराची सळक उठते. आरशात नीट पाहिलं, तर हिरडी मागे सरलेली असते आणि दाताच्या मानेवर नखाला लागेल अशी खाच पडलेली असते. एवढ्याशा खाचेत केवढं काय चाललेलं असतं!

दाताचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ; त्याच्या वजनातला सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. पण हे चिलखत हिरडीच्या काठाशी संपतं. पुढे मुळावर सिमेंटमचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली त्या मानाने मऊ डेंटिन. कडक ब्रशने वर्षानुवर्षं आडवं घासलं की हिरडी हटते आणि उघडं मूळ झिजतं. दातांची रांग सुळ्यापाशी वळते, म्हणून सुळे आणि त्यांच्यामागच्या उपदाढा आधी सापडतात. डेंटिनमध्ये दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव. गार लागलं की तो द्रव सरकतो आणि आतल्या मज्जातंतूंना हिसका बसतो. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकातल्या प्रयोगांतून हे उलगडलं.

खाच ग्लास आयोनोमरने भरली की शिवशिवणं बहुधा थांबतं. हे सिमेंट दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं. पण सरकलेली हिरडी त्याने परत येत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते, आणि खरं नवल तिथे आहे. टाळूच्या वरच्या थराखालून जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची संयोजी ऊती काढतात, उघड्या मुळावर बसवतात आणि तिच्यावर हिरडी ओढून बारीक टाके घालतात. वरची त्वचा कशी होणार हे खालची ऊती ठरवते, असं थॉर्किल्ड कॅरिंग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं. तोंडातल्या मऊ अस्तराखाली हिरडीची ऊती लावली, तर तिच्यावर हिरडीसारखीच चिवट त्वचा तयार झाली! टाळूची ऊतीसुद्धा जागा बदलली तरी आपला चिवटपणा सोडत नाही.

दोन्ही उपचार एकाच दाताला करायचे, तर आधी एक रेषा ठरवावी लागते. झिजेमुळे एनॅमल संपण्याची मूळ खूणच पुसलेली असते. हिरडी कुठवर परत येऊ शकेल, हे आधी मोजण्याची रीत बोलोन्याच्या जिओव्हानी झुकेल्ली यांनी घालून दिली. त्या रेषेपर्यंतचा भाग फिलिंगने भरायचा, मुळाकडचा हिरडीने झाकायचा. दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते. ते खचलं असेल तर नाही.

अशा उपचारांसाठी बोरिवली-अंधेरीहून मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि मुलुंड-घाटकोपरहून सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय थेट लोकलने गाठता येतं. खाच भरून घेण्याआधी हिरडी कुठवर परत येईल, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि मऊ ब्रश मात्र आजच आणा.