सातव्या मजल्यावरचं आग्या मोहोळ

सुरतच्या दिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत सातव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं. सकाळी नऊला ग्रुपवर फोटो आला आणि दहाच्या आत तीन मतं पडली. शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, "मधपुडो छे, लक्ष्मी आवी." धुळ्याकडच्या आप्पांनी फर्मान काढलं, "रात्री टेंभा लावा, विषय संपला." आणि एका कॉलेजकुमाराने टाकलं, "माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणालाय."

काकींच्या लक्ष्मीशी माझं भांडण नाही. बाकी दोघांशी आहे.

आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही. शिवाय हिशेबही चुकीचा. गहू, भात, ज्वारी, बाजरी यांना माशी लागत नाही. ओलपाडचा भात, बारडोलीचा ऊस, जळगावची केळी माश्यांवाचूनही येतील. पण भोपळा, दोडकी, कारली, काकडी घ्या. यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. पराग कोणीतरी उचलून न्यावाच लागतो. कांद्याचं बी धरणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, माश्या फिरकल्या नाहीत तर बोंडात बी भरत नाही. म्हणजे माणूस उपाशी मरणार नाही, पण ताटात भाकरी उरेल आणि भाजी कमी होईल.

'जगातल्या मधमाश्या संपत चालल्या' हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेत 2006-07च्या हिवाळ्यात पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या, तेव्हापासून ही हाकाटी आहे. ती माशी पाळीव, युरोपातली मेलिफेरा. तिच्या पेट्या जगभर मोजल्या तर गेल्या काही दशकांत वाढल्याच आहेत. घोर आहे तो रानातल्या आणि देशी माश्यांचा. आपल्याकडची सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत सात-आठ पोळी समांतर लावते. 1991 नंतर दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने तिच्या बहुतेक वसाहती नेल्या. त्याच्या जोडीला भर फुलोऱ्यात, भर सकाळी मारलेली कीटकनाशकं आणि तोडलेली जुनी झाडं. ढोलीच राहिली नाही तर सातेरी राहणार कुठे?

मग मेलिफेराच्या पेट्या आणून ठेवल्या की झालं का? मध मिळेल, पण सातेरी त्याने वाचत नाही. दक्षिण गुजरातेत धरमपूरच्या बाजूला 'अंडर द मँगो ट्री' ही 2009 साली सुरू झालेली संस्था आदिवासी शेतकऱ्यांना सातेरीच पेटीत सांभाळायला शिकवते. भर मधापेक्षा परसातल्या पिकावर. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं, तेही याच वाटेवरचं. मला हाच मार्ग पटतो.

आता आप्पांचा टेंभा. आग्या माशी पेटीत राहत नाही. उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लावते. आमच्या गच्चीच्या कठड्यावरून वाकून मी अर्धा तास पाहिलं. गांधीलमाशी जवळ आली की शेकडो माश्या क्रमाने पोट वर उचलतात, आणि पोळ्यावरून काळसर लाट सरकत जाते. तो हल्ला नसतो, धाक असतो. छेड काढल्याशिवाय आग्या सहसा अंगावर येत नाही. आली मात्र, तर जिवावर बेतू शकतं, म्हणून दगड नको, धूर नको, फटाके तर मुळीच नकोत.

आणि हे मोहोळ कायमचं नसतं. फुलोरा संपला की माश्या स्वतःहून उठून दूरच्या रानाकडे जातात. जाळलं तर पुढच्या मोसमात दुसरं त्याच जागी येऊ शकतं. आग्याला जुन्या जागा आवडतात. मधही जाळून काढावा लागत नाही. पोळ्याच्या एका बाजूला मध साठतो, बाकी भागात पिल्लं असतात. तेवढाच मधाचा भाग कापला तर वसाहत जगते. वर्ध्याच्या गोपाळ पालीवालांनी हे कितीतरी जणांना शिकवलं आहे. मोहोळ शाळेच्या दारात किंवा जिन्याच्या खिडकीशीच असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जाणकारालाच बोलवा.

आमच्याकडे खरी कटकट निघाली ती रात्रीची. घरात माश्या शिरत, पायाखाली येत. आग्या चांदण्यातही चरायला जाते, त्यामुळे दिव्याकडे ओढली जाते. सातव्या मजल्यावरच्यांनी गॅलरीतली ट्यूब बंद केली, पडदा ओढला, आणि तक्रारी थांबल्या. तुमच्याकडे मोहोळ लागलं असेल तर पेस्ट कंट्रोलचा नंबर शोधण्याआधी आज रात्री तेवढं करून बघा.