मणक्यातली ‘गॅप’ आणि तीन महिन्यांपुढचं दुखणं

डोंबिवलीच्या फलाटावर कंबरेला पट्टा बांधलेला माणूस दिसला की शेजारचा विचारतोच, ‘गॅप आलीय का?’ ठाणे ते कल्याण या टापूत कंबरदुखीचं निदान डॉक्टरांच्या आधी सहप्रवासी करतात. मग एमआरआय निघतो, एखादी चकती फुगलेली दिसते आणि दुखण्याचा गुन्हेगार सापडल्याचं समाधान मिळतं.

पण ज्यांचं काहीच दुखत नाही, त्यांच्या मणक्यांतही हेच दिसतं. अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत होती. त्यामुळे नुसती फिल्म पुरेशी नसते. पायात उतरणारी कळ, बधिरपणा, कमी झालेली ताकद यांच्याशी ती जुळते का, हे डॉक्टरांनी हात लावून तपासावं लागतं.

‘फिल्ममध्ये काही नाही, म्हणजे मनाचे खेळ!’ हा पुढचा गैरसमज, आणि माझ्या मते सर्वांत क्रूर. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उठणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात. तोवर मूळ इजा बरेचदा भरून आलेली असते. पण सतत येणाऱ्या संदेशांनी मज्जारज्जूतल्या पेशी इतक्या संवेदनशील होतात की साधा स्पर्शही दुखतो. संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तर अशा वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. अपुरी झोप आणि काळजी ती वाढवतात, हे खरं. म्हणून ती खोटी ठरत नाही. पहाटे उठून डबे करायचे, गाडीत उभ्याने मुंबई गाठायची, रात्री परतून पुन्हा ओट्याशी उभं राहायचं, असा दिवस असलेल्या बाईला ‘जरा आराम कर’ म्हणणं सोपं आहे. कोणी काम वाटून घेतलं तर उपयोग. कंबरदुखीचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे.

लोकलला मात्र सगळा दोष देता येत नाही. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून केलेल्या प्रवासाने दुखणं वाढू शकतं, पण २०२० मध्ये जगभर सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपली गाडी पाहिलेलीही नाही. उलट ‘धक्क्यांनी दुखतंय’ म्हणत काही आजार वर्षानुवर्षं निसटतात. पंचविशीतला मुलगा उत्तररात्री कंबरदुखीने जागा होतो, सकाळी आखडलेला असतो, विश्रांतीने नव्हे तर हालचालीने मोकळा होतो. अशा वेळी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्यांच्या संधिवाताची शंका घेऊन संधिवाततज्ज्ञाला दाखवावं.

पट्टा आणि पलंग? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांवर भर दिला. पट्टा आणि ट्रॅक्शनचा (वजन लावून कंबर ताणण्याचा) सरसकट वापर करू नये, असंही सांगितलं.

केमिस्टकडून थेट आणलेली डायक्लोफेनॅक महिनोन्महिने घेतली तर जठर आणि मूत्रपिंडं किंमत मोजतात. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांची अधिकच. शिवाय मधुमेहातली तळपायांची आग किंवा नागिणीनंतर उरणारी कळ नसांची असते, तिच्यावर अशा गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. तिथे ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधं दिली जातात. चिठ्ठी गुगलवर टाकून ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ म्हणत कित्येक जण ती परस्पर बंद करतात. खरं तर ही औषधं मज्जासंस्थेतल्या वेदनेच्या संदेशांवरही काम करतात, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात.

थांबू नये अशा काही खुणा आहेत. कंबरदुखीसोबत लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर पडणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, यांपैकी काहीही झालं तर उद्याच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा पूर्वी झालेला कॅन्सर असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगावं.