दिवा कॅमेऱ्यापासून लांब हवा

शिराळ्याजवळच्या एका वस्तीवरून पहाटे तात्यांचा फोन आला. "पोरा, गोठ्यामागं दोन डोळं चमकत्यात. बाकी निस्तं पांढरं दिसतंय. बिबट्या हाय का कुत्रं, काय कळंना."

कराड ते शिराळा या पट्ट्यात मी कॅमेरे बसवतो. इथल्या उसात बिबट्या ही नवलाई राहिलेली नाही. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या कॅमेऱ्यात वाघसुद्धा टिपला गेला. दारात गोठा असलेल्या माणसाला रात्रीचं चित्र स्पष्ट दिसणं किती गरजेचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

त्याच संध्याकाळी मी गेलो. कॅमेरा पत्र्याखाली, चुना मारलेल्या भिंतीला चिकटून बसवलेला. काचेसमोर कोळ्याचं जाळं. अंधार पडला तसा आतला फिल्टर 'टक' करून सरकला आणि चित्र काळं-पांढरं झालं. लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागले. तांबड्याच्या पलीकडचा हा उजेड विल्यम हर्शेल यांनी १८०० साली थर्मामीटरच्या साह्याने शोधला. तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

बिघाड कॅमेऱ्यात नव्हताच. उजेड आधी जाळ्यावर आणि भिंतीवर पडत होता. जवळची वस्तू फार उजळली की कॅमेरा सगळं चित्रच मंद करतो आणि मागचा गोठा काळोखात जातो. त्यातून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. शिवाय उसाचं हिरवं पान हा उजेड जोरात परतवतं, त्यामुळे रात्री ऊस कापसासारखा पांढरा दिसतो.

आता डोळ्यांचं. जनावराच्या डोळ्यात शिरलेला उजेड जिकडून आला तिकडेच परत फिरतो. दिवा लेन्सला चिकटून असला की हा परतलेला उजेड थेट लेन्समध्ये शिरतो. मग दोन ठिपके लखलखतात, अंग मात्र दिसत नाही. पाटणकडच्या धुक्यात आणि पावसात हाच त्रास होतो. जवळचा प्रत्येक थेंब आणि किडा पांढरा ठिपका होऊन समोर नाचतो.

मी जाळं पुसलं, कॅमेरा हातभर पुढे घेतला, भिंत चित्राबाहेर काढली. कॅमेऱ्यातले दिवे सेटिंगमधून बंद केले आणि दहा फुटांवरच्या खांबावर वेगळा इन्फ्रारेड दिवा लावला. त्याचं तोंड उसात न घालता बांधाच्या कडेने सोडलं. दिवा ८५० नॅनोमीटरचा घेतला. अंधारात त्याकडे पाहिलं तर मंद लाल दिसतो. ९४० चा अजिबात दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी पडतो. गोठ्यामागची वाट लांब होती, म्हणून पल्ला निवडला.

तासगावकडच्या बेदाणा शेडवरची तक्रार वेगळी असते: "दिवसा चालतो, रात्री बंद पडतो." तिथे मी आधी वायर बघतो. रात्री दिवे लागले की करंट जास्त लागतो. लांबलचक बारीक वायरीत १२ व्होल्ट पुरेसे पोचत नाहीत आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो. जाड वायर टाकली किंवा अॅडॅप्टर कॅमेऱ्याजवळ नेला की काम होतं. अशा वेळी नवा कॅमेरा घ्यायला लावणं ही शेतकऱ्याची लूट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या रात्री तात्यांच्या मोबाईलवर ते जनावर पुरं दिसलं. लांब शेपटी, अंगावर ठिपके. बिबट्याच होता. तात्यांनी वनखात्याला कळवलं आणि आठवड्याभरात गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारून घेतली.

तुमच्याकडे कुणी कॅमेरा बसवायला आला तर त्याला दुपारी पैसे देऊन मोकळं करू नका. चहा पाजा, अंधार पडेपर्यंत थांबवा, गोठ्यामागे स्वतः उभे राहा आणि चित्रात तुमचा चेहरा ओळखू येतो का ते बघा.