हिपार्कस

हिपार्कस : (इ. स. पू. सु. १९०–सु. १२०). ग्रीक ज्योतिर्विद व गणितज्ञ. संपातचलनाचा शोध, ताऱ्यांची सूची आणि सूर्य-चंद्रांच्या गतींचे भूमितीय विवरण यांसाठी प्रसिद्ध. त्यांचा जन्म बिथिनियातील नायसीया (तुर्कस्तानातील सध्याचे इझनिक) येथे झाला. त्यांचे प्रमुख वेध इ. स. पू. १४७–१२७ या काळातील असून त्यांपैकी काही ऱ्होड्स बेटावर घेतलेले आहेत. ॲरेटस व युडॉक्सस यांच्या ग्रंथांवरील टीका एवढीच त्यांची कृती आज उपलब्ध आहे. इतर कार्याची माहिती मुख्यत्वे टॉलेमी यांच्या ॲल्माजेस्ट (इ. स. सु. १५०) या ग्रंथातून मिळते.

संपातचलन : सूर्याचा भासमान वार्षिक मार्ग (क्रांतिवृत्त) खगोलीय विषुववृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदतो त्यांना संपातबिंदू म्हणतात. ॲलेक्झांड्रियाचे ज्योतिर्विद टिमोकॅरिस यांना इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी चित्रा तारा शरद संपाताच्या पश्चिमेस सु. ८° अंतरावर आढळला होता. सु. दीडशे वर्षांनंतर हिपार्कस यांना हेच अंतर सु. ६° आढळले. चंद्रग्रहणात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. त्यामुळे सूर्याचे गणिताने काढलेले स्थान आणि ग्रहणकाळी चंद्र व तारा यांत मोजलेले अंतर यांवरून ताऱ्याचे स्थान काढता येते. हा २° चा फरक वेधातील चूक म्हणून सोडून न देता, संपातबिंदूच ताऱ्यांच्या संदर्भात सरकत असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. एका आयुष्यात सहज लक्षात न येणारी ही गती केवळ पूर्वीच्या नोंदींशी तुलना केल्यामुळेच उघडकीस आली. शंभर वर्षांत निदान १° असे तिचे मान त्यांनी दिले. आधुनिक मानाप्रमाणे १° सरकण्यास सु. ७२ वर्षे व पूर्ण आवर्तनास सु. २५,८०० वर्षे लागतात. पृथ्वीच्या विषुववृत्तीय फुगवट्यावरील सूर्य-चंद्रांच्या आकर्षणामुळे तिचा अक्ष दिशा बदलतो, हे याचे कारण न्यूटन यांनी १६८७ मध्ये दाखविले.

भारतीय ज्योतिषात या आविष्काराला अयनचलन म्हणतात. निरयन पंचांगातील मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण मात्र २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. हे अंतर अयनचलनानेच पडलेले आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात अयनांशासाठी चित्रा ताऱ्याचाच आधार घेतला.

सूर्य व चंद्र : वसंत ऋतू ९४ १/२ दिवसांचा व ग्रीष्म ९२ १/२ दिवसांचा असतो, यावरून सूर्याच्या वर्तुळाकार कक्षेच्या मध्यापासून पृथ्वी त्रिज्येच्या १/२४ अंतरावर असली पाहिजे, असे हिपार्कस यांनी गणिताने दाखविले. त्यांनी काढलेले सांपातिक वर्षाचे मान (३६५ दि. ५ ता. ५५ मि. १२ से.) खऱ्या मानापेक्षा सु. ६ १/२ मिनिटांनी अधिक आहे. हेलेस्पाँट येथे खग्रास व ॲलेक्झांड्रिया येथे ४/५ ग्रासलेल्या एका सूर्यग्रहणावरून, सूर्य अतिदूर मानून, चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या ७१ ते ८३ पट असल्याचे त्यांनी काढले. हे अंतर प्रत्यक्षात सरासरीने सु. ६० पट आहे.

ताऱ्यांची सूची : एक नवा तारा दिसल्यामुळे हिपार्कस यांनी सूची करण्यास घेतली, असे रोमन लेखक प्लिनी (थोरले) सांगतात. तारे नष्ट होतात, नव्याने उत्पन्न होतात की सरकतात, हे पुढील पिढ्यांना ठरविता यावे, हा तिचा उद्देश होता. मूळ सूची लुप्त झाली. टॉलेमी यांची सूची कितपत स्वतंत्र आहे, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद आहेत. सिनाई येथील सेंट कॅथरिन मठातील एका चर्मपत्रावरील ग्रीक मजकूर खरवडून त्यावर सिरियाक मजकूर लिहिलेला होता. निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांवरून हा पुसलेला मजकूर वाचता आला. त्यात उत्तर मुकुट या तारकासमूहाचे सहनिर्देशक मिळाले असून ते हिपार्कस यांच्या सूचीतील असावेत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. त्यांतील चूक १° च्या आत आहे.

यूरोपीय अवकाश संस्थेने १९८९ मध्ये सोडलेल्या, ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या उपग्रहाला त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या नावाशी जुळणारे नाव देण्यात आले. त्याच्या वेधांवरून १,१८,२१८ ताऱ्यांची सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.