व्हिट्बीची खाण आणि तिचे भागधारक

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिट्बी नांवाचें एक जुनें बंदर आहे. सुप्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक ह्यानें जहाजावरची उमेदवारी ह्याच गांवीं केली. गांवाच्या पाठीमागें यॉर्कशर परगण्यांतील उघडें माळरान पसरलेलें असून तें राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें आहे. ह्या माळरानाखालीं सुमारें दीड किलोमीटर खोल एक क्षार दडलेला आहे; आणि त्या क्षारानें २०११ पासून २०२० पर्यंत नऊ वर्षें हजारों सामान्य कुटुंबांना आशेवर ठेवलें. व्यापारी वर्तमानपत्रांत ही हकीकत एका कंपनीच्या अपयशाची म्हणून छापून आली. आम्हांस ती घरोघरच्या शिलकेची हकीकत वाटते, व म्हणूनच ती ह्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ह्या क्षाराचें नांव पॉलिहॅलाइट. हें नांव ग्रीक शब्दांवरून बनविलेलें असून त्याचा अर्थ ‘अनेक मिठांचा’ असा होतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम व गंधक हीं पिकांना लागणारीं चार द्रव्यें त्यांत एकत्र सांपडतात. पंचवीस-सव्वीस कोटी वर्षांपूर्वीं त्या प्रदेशावर एक उथळ समुद्र होता. तो आटत गेला व मिठांचे थर मागें राहिले. पोटॅशचें मोल आपल्याकडील ऊंस व द्राक्षें पिकविणाऱ्या बागाइतदारांस सांगावयास नको. हिंदुस्थानांत तें जवळजवळ सर्व परदेशांतूनच आणावें लागतें. व्हिट्बीच्या आसपास असलेला साठा अडीच अब्ज टनांहून अधिक असल्याचें मोजणींत निघालें होतें. शिवाय त्याच किनाऱ्यावर बोल्बी येथें पोटॅशची खाण पूर्वींपासून चालू असून तिच्यांतूनहि हें खनिज निघूं लागलें होतें. तात्पर्य, खनिज आहे कीं नाहीं हा प्रश्नच नव्हता. भोळ्या लोकांस फसविणाऱ्या खाणींच्या कथा आपण पुष्कळ ऐकतों. ही कथा तशी नव्हे, आणि तिच्यांतील दुःखाचें मूळहि तेंच आहे.

सिरियस मिनरल्स ह्या लहानशा कंपनीनें जानेवारी २०११ मध्यें हा उद्योग अंगावर घेतला. तिचे सूत्रधार क्रिस फ्रेझर हे पूर्वीं बँकेच्या व्यवसायांतले. त्यांची योजना मोठी धाडसाची होती. उद्यानाच्या शोभेस बाध येऊं नये म्हणून खाणीचे मनोरे शक्य तितके जमिनीखालीं दडवावयाचे, दीड किलोमीटर खोलीचीं दोन उभीं विवरें खणावयाचीं, आणि वर आलेला माल रस्त्यानें न नेतां ३७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून सरकत्या पट्ट्यावरून टीसाइडच्या बंदराकडे पोंचवावयाचा! ३० जून २०१५ रोजीं उद्यानाच्या मंडळानें ८ विरुद्ध ७ अशा मतांनीं परवानगी दिली. एका मताचा फरक. तरी त्या दिवशीं व्हिट्बीस पुष्कळांना आपलें दैव उघडलें असें वाटलें. त्याच वर्षीं जवळच्या रेडकार येथील पोलादाचा कारखाना बंद पडला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या आशेचा जोर कळतो.

कंपनीच्या भागधारकांत सुमारें ८५ हजार सामान्य गुंतवणूकदार होते. त्यांतील पुष्कळ यॉर्कशर व टीसाइडकडचेच. कांहींनीं म्हातारपणासाठीं राखलेली पुंजी तींत घातली होती. शेअरची किंमत पेन्सांत मोजली जात असल्यामुळें अल्प रकमेंतहि हजारों शेअर पदरीं पडत, आणि संख्या मोठी दिसली कीं मालकीहि मोठी वाटूं लागते. अशा लहान खाण-कंपन्यांचे भागधारक एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्याचा रोख कोठेंहि गेलें तरी सारखाच असतो. एक म्हणतो, “खालीं माल आहे ना? मग भीति कसली?” दुसरा म्हणतो, “भाव उतरला हें उत्तमच. आणखी घेऊं, म्हणजे सरासरी खालीं येईल.” सरासरी खालीं येते हें खरें, परंतु तिच्याबरोबर घरांतला आणखी पैसा त्याच एका विवरांत उतरतो, हें कोणी बोलत नाहीं. शंका काढणारा असा एखादा असतोच; पण त्याला ‘तुला स्वस्तांत घ्यावयाचे आहेत म्हणून तूं भाव पाडतोस’ असें ऐकून घ्यावें लागतें, व तो हळूहळू गप्प बसतो. मग उरलेल्यांची एकमेकांस साक्ष पटते आणि आशेचें श्रद्धेंत रूपांतर होतें. आपल्याकडे एकत्र कुटुंबांत शेअर एकाच्या नांवावर असतात व काळजी मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोंचते. तिकडेहि ह्याहून निराळें झालें असेल असें वाटत नाहीं.

आतां पैशाकडे वळूं. पहिला टन माल वर येण्यापूर्वीं चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम लागणार होती. दुकानदारास माल विकून भांडवल फिरवितां येतें. येथें बोगदा पुरा होईपर्यंत एक पैहि परत येणार नव्हती. पुढें वर्षास एक कोटि टन, आणि कालांतरानें दोन कोटि टन माल काढण्याचा बेत होता. उलट त्या वेळीं सबंध जगांत ह्या खनिजाचा वार्षिक खप दहा लाख टनांपर्यंतहि गेलेला नव्हता. म्हणजे खाण खणावयाची, बोगदा खणावयाचा आणि गिऱ्हाइकहि घडवावयाचें, अशीं तीन कामें एकदम होतीं. भागधारकांच्या चर्चेंत पहिल्या दोहोंचेंच कौतुक अधिक असे.

ऑगस्ट २०१६ मध्यें शेअर ४५ पेन्सांच्या आसपास चढला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनें नवे शेअर २० पेन्सांस काढले. २०१९ सालीं पुन्हां काढले ते १५ पेन्सांस. वडिलोपार्जित वाड्यांत नवे हिस्सेदार आणून बसविले म्हणजे वाडा कांहीं पडत नाहीं, पण आपली खोली आंखडते. तसेंच हें होय. नवा हिस्सेदार पैसा घेऊन येतो हें कबूल. तथापि शेवटीं कंपनीचे शेअर सातशें कोटींच्या वर गेले होते, हें पाहिलें म्हणजे एकेका घराच्या वांट्यास केवढीशी जागा उरली ह्याची कल्पना येईल.

ऑस्ट्रेलियांतील खाणींच्या सुप्रसिद्ध धनीण जीना राइनहार्ट ह्यांच्या कंपनीनेंहि ३० कोटि डॉलर देऊं केले, तेव्हां भागधारकांस मोठाच धीर आला. “एवढी जाणती बाई कांहीं उगाच पैसा घालील काय?” असें कोणासहि वाटावें. परंतु त्यांतील २५ कोटि डॉलर हे शेअरांसाठीं नव्हतेच. पुढें जो माल निघेल त्याच्या विक्रींतून ठराविक हिस्सा मिळावा म्हणून ते होते. शेअरासाठीं फक्त ५ कोटि. खाण कोणाच्याहि मालकीची झाली तरी असा हिस्सा मालाला चिकटून राहतो. शेअर मात्र कंपनीच्या दैवाशीं बांधलेला असतो. त्याच पंक्तींत बसलेल्या पाहुण्यांच्या पानांत निराळें वाढलेलें आहे, हें पुष्कळांनीं पाहिलें नाहीं.

येथें कोणी कोलारचें उदाहरण देईल, व तें योग्यच होईल. म्हैसूर संस्थानांतील कोलार येथें १८८० नंतर सोन्यासाठीं निघालेल्या कंपन्यांचा पैसा पहिल्या कांहीं वर्षांतच संपत आला होता. म्हैसूर कंपनीच्या भागधारकांनीं उरलेली रक्कम वांटून घेऊन घरीं जावें असा विचार चालला असतां, आणखी एकदां खणून पाहण्याचें ठरलें; आणि ‘चॅम्पियन’ ह्या नांवानें पुढें गाजलेली सोन्याची शीर हातीं लागली. कोलारचें काम २००१ पर्यंत चाललें. तेव्हां धीर धरणारा नेहमींच मूर्ख ठरतो असें नाहीं. मात्र कोलारला जो पैसा पणास लावावयाचा होता तो भागधारकांच्याच पेटींत शिल्लक होता. व्हिट्बीस लागणारा पैसा भागधारकांजवळ नव्हता. तो न्यूयॉर्क-लंडनच्या सावकारांकडे होता, आणि धीर धरावा कीं नाहीं हें तेच ठरविणार होते.

त्यांनीं तें १७ सप्टेंबर २०१९ रोजीं ठरविलें. ५० कोटि डॉलरांचे कर्जरोखे विकले गेले तरच एक बडी अमेरिकन बँक अडीच अब्ज डॉलर देण्यास तयार होती. रोख्यांस कोणी गिऱ्हाईक मिळेना. ब्रिटिश सरकारनेंहि हमी नाकारली. कंपनीनें विक्री सोडून दिली आणि एका दिवसांत शेअरची किंमत अर्ध्याहून अधिक कोसळली. माळरानाखालचा क्षार जेथल्या तेथेंच होता.

जानेवारी २०२० मध्यें ॲंग्लो अमेरिकन ह्या खाणव्यवसायांतील बलाढ्य कंपनीनें शेअरमागें साडेपांच पेन्स, म्हणजे एकंदर सुमारें ४० कोटि ५० लक्ष पौंड, देऊं केले. २० पेन्सांनीं दहा हजार शेअर घेणाऱ्यानें २ हजार पौंड घातले होते. त्यास ५५० पौंड परत मिळावयाचे. तें न स्वीकारल्यास कंपनी बुडण्याचा संभव दाट आहे, व मग कांहींच हातीं येणार नाहीं, असें चालकांनीं बजावलें. पुष्कळांना ही किंमत अन्यायाची वाटली. नऊ वर्षें जोखीम आम्हीं वाहिली आणि खाण दुसऱ्यानें घ्यावी, हा त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण ॲंग्लोस नाहीं म्हटल्यानें पैसा उभा राहत नव्हता. ३ मार्च २०२० रोजीं मतें मोजलीं गेलीं. मंजुरीस शेंकडा ७५ मूल्याचीं मतें हवीं होतीं. तीं शेंकडा ८० हून किंचित् अधिक पडलीं. त्याच महिन्यांत सिरियसचे शेअर बाजारांतून नाहींसे झाले.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. ॲंग्लोनें खाणीचें काम चालविलें, आराखडे बदलले, खर्च वाढविला. फेब्रुवारी २०२३ मध्यें ह्या खाणीची हिशेबांतील किंमत १ अब्ज ७० कोटि डॉलरांनीं कमी केल्याचें तिनें जाहीर केलें. २०२४ सालीं तिच्यावर दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा डोळा गेला, त्या धांदलींत खाणीवरचा खर्च एकदम आंखडला व काम मंदावलें. सिरियसच्या चालकांनीं खाणीला ठेवलेलें ‘वुडस्मिथ’ हें नांव मात्र ॲंग्लोनेंहि कायम ठेविलें. वुड्स व स्मिथ ह्या दोन भूस्तरशास्त्रज्ञांच्या नांवांवरून तें बनविलेलें आहे.