नाकापेक्षा मोती जड

मराठीच्या मास्तराने व्याकरण सोडून मोटारीच्या पोटात डोके का घालावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही तो पडला होता. परंतु ज्याच्या घरी यंत्रविद्येची पदविका शिकणारा भाचा राहावयास असतो, त्याला असले प्रश्न फार काळ पडू दिले जात नाहीत.

कोल्हापूरच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी मारुती ८०० उभी असते. १९९७ साली आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशांतून ती घेतली. दर रविवारी ते तिला स्वतः न्हाऊ घालीत. आम्हा भावंडांच्या वाट्याला तेवढे कौतुक कधी आले नाही! आप्पा गेले आणि गाडी कोपऱ्यात पडून राहिली. क्वचित सुरू केली तर मागून निळा धूर सोडी आणि साध्या चढावर धापा टाकी.

गेल्या जानेवारीत एके रात्री भाचा जेवता जेवता म्हणाला, "मामा, आपण आजोबांच्या गाडीत एस्टीमचं इंजिन टाकू या. जुन्या बाजारात एक चांगलं आलंय."

"आणि हिचे?"

"ते भंगारात."

आई पोळी वाढता वाढता थबकली. पण काही बोलली नाही.

आता थोडी वंशावळ सांगितली पाहिजे. मागच्या बाजूस वर उघडणारे दार असलेली ही छोटी मोटार, जिला आज आपण हॅचबॅक म्हणतो, ती मध्यमवर्गीयांच्या दारात आणली मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. १९८६ साली गाडीचे रूप बदलले. २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर. एस्टीम ही त्याच घराण्यातली थोरली बहीण. १९९४ ते २००७ या काळात ती निघाली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १२९८ घनसेंटिमीटरचे, आणि १९९९ नंतरच्या गाड्यांत ८५ अश्वशक्तीचे. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि आडवे, ओढ पुढच्याच चाकांना. म्हणून ही अदलाबदल हौशी मंडळींना सुचते आणि करणारे ती करतातही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेले. आप्पांची गाडी त्यांच्याच हाताखालून गेलेली. भाच्याचा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि हात पुसत म्हणाले, "बसवायला काय सर, बैलगाडीत बी इंजिन बसवून देतो मी. पर ते थांबवणार कोण?"

मग त्यांनी भाच्याला वही काढायला लावली. तीन सिलिंडरांच्या जागी चार आले म्हणजे इंजिन लांबीला वाढले. तेव्हा माउंटिंगच्या जागा नव्याने वेल्ड करायच्या. जुना गिअरबॉक्स दुप्पट जोर सोसणार नाही. तो एस्टीमचाच हवा. मग चाकाकडे जाणारे एक्सल जुळत नाहीत; ते जुळवून घ्यायचे. इंजिन मोठे म्हणजे उष्णता जास्त. रेडिएटर मोठा हवा, पण पुढे जागा बेताची. आमच्या गाडीला कार्बुरेटर, नव्या इंजिनाला इंजेक्शन. म्हणजे निराळा पेट्रोलपंप, सगळे वायरिंग आणि त्यावर हुकूम चालवणारी संगणकाची पेटी. नाकावर वजन वाढले की पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि स्टिअरिंग जड होते. आणि हे सारे झाल्यावर खाली चाके कोणती? तीच बारा इंची!

वहीचे पान भरले. भाचा मात्र हार मानणारा नव्हता. घरी आल्यावर त्याने मोठमोठ्या कंपन्यांचे दाखले काढले. १९५९ सालची इंग्लंडची मिनी ८४८ घनसेंटिमीटरची होती; शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरच्या आग्रहावरून १९६१ साली तिला ९९७ चे इंजिन मिळाले, आणि पुढे तिच्याच आणखी दमदार आवृत्तीने १९६४ साली माँटे कार्लोची शर्यत मारली. जर्मनीची गोल्फ १९७४ साली अवघ्या ५० अश्वशक्तीपासून सुरू झाली. दोनच वर्षांत तिची ११० अश्वशक्तीची जीटीआय आली. कंपनीला वाटले, पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ. खपल्या वीस लाखांहून अधिक!

"बघा मामा! छोट्या गाडीत मोठं इंजिन!"

मी मुकाट्याने ते दाखले पुन्हा वाचले. शब्दांचा कीस पाडणे हा तर माझा धंदाच. मिनीला मोठे इंजिन दिले त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. गोल्फ जीटीआयला नुसते इंजिन मिळाले नाही. तिचे स्प्रिंग आखूड झाले, चाके रुंद झाली आणि पुढचे ब्रेक हवा खेळेल असे केले गेले. म्हणजे वाक्यात क्रियापद बदलले की कर्ता-कर्माचे प्रत्ययही बदलावे लागतात, हे त्या अभियंत्यांना ठाऊक होते. भाचा नुसते क्रियापद बदलायला निघाला होता.

पण तरुणाला व्याकरण पटत नाही. त्याला अनुभव लागतो. तो लवकरच आला. मिस्त्रींच्या एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून अशीच अदलाबदल करून आणलेली ८०० होती. त्या उत्साही गृहस्थाने एका रविवारी आम्हा दोघांना पन्हाळ्याला नेले. जाताना काय वर्णावे! चढ सपाट वाटावा अशी गाडी पळाली. भाचा माझ्याकडे वळून वळून पाहत होता.

येताना मात्र उतार होता. प्रत्येक वळणाआधी त्या गृहस्थांचा पाय ब्रेकवर जोरात पडे. थोड्या वेळाने काहीतरी करपल्याचा वास आला. खालच्या वळणावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर रांगत होता. गृहस्थांनी ब्रेक दाबला आणि पाय तळापर्यंत गेला. हँडब्रेक ओढून, खालच्या गिअरात टाकून त्यांनी गाडी कशीबशी आवरली, तेव्हा उसाची वाढी आमच्या काचेला टेकली होती. कुणीच बोलले नाही.

रात्री भाच्यानेच हिशेब मांडून दाखवला. गाडीचा वेग साठावरून नव्वदावर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर ती थांबवताना ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. त्या सगळ्याची उष्णता होते. ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफ धरते, आणि पायाखाली नुसती पोकळी उरते.

उरले कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे ५२ वे कलम सांगते की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी-पुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ उचलून धरला. इंजिनाचा क्रमांक आणि घनक्षमता आरसी बुकात लिहिलेली असते. ती जुळली नाही तर उद्या अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. आणि ज्याला धडक बसली त्याच्या घरच्यांनी कुणाकडे पाहायचे?

दोन दिवसांनी भाचा एकटाच मिस्त्रींकडे गेला. "जुनंच इंजिन मी स्वतः उघडू का?" असे त्याने विचारले. मिस्त्री म्हणाले, "मी नुसता बसून बघतो. हात तुझं."

पुढचे तीन महिने रविवार तसे गेले. हेड उतरले, बोअर झाले, नवे पिस्टन आणि रिंगा पडल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले गेले. ब्रेकही त्याने सगळे नवे केले, कुणी न सांगता. कागदपत्रे नियमाप्रमाणे नवी झाली. इंजिन मात्र आप्पांचेच राहिले, त्याच क्रमांकाचे.

यंदा दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधून आम्ही जोतिबाला निघालो. डोंगराच्या चढावर मागून चार गाड्या हॉर्न वाजवीत पुढे गेल्या. भाच्याने एकदाही पाय रेटला नाही.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखी चालवतोस रे."

त्याने आरशात पाहिले. मोठ्या इंजिनाची गोष्ट त्यानंतर आमच्या घरात निघालेली नाही.